स्वर्ग दोन बोटं

सोमवारी चादरी वाळत घालताना
तो पहिल्यांदा आला.
आधी वाटलं, गांधीलमाशी.
मग दिसलं: चार पंखे, पोटाखाली एक डोळा,
दोरीच्या वर जेमतेम दोन हात,
आणि दोरीवर माझे ते कपडे
जे ह्या गावातल्या एकाही पुरुषाला
मी अकरा वर्षांत दाखवलेले नाहीत.

भिंतींना कान असतात, आमच्या तर आहेतच.
एका रांगेत चिकटलेली सोळा घरं,
पलीकडे कुणी शिंकलं
की अलीकडून विचारपूस येते.
पण आभाळाला डोळा फुटलेला
मी त्या दिवशी पाहिला.

चिमटा फेकला. लागला नाही.
बटाटा फेकला.
तो मिसेस बेव्हनच्या कोबीत पडला,
त्याचं वेगळं भांडण झालं.

कौन्सिलला फोन केला.
पलीकडचा मुलगा अदबीनं म्हणाला,
मॅडम, अंतर साधारण किती होतं?
म्हटलं, बाळा, अंतर असतं
तर तुला फोन कशाला केला असता?

बुधवारी दारात गेथिन प्यू.
तीन घरं सोडून राहतो. दोन्ही गुडघे गेलेले,
काखेत पाटीएवढा पडदा,
आणि चेहरा असा, की स्वर्ग दोन बोटं उरलाय.
म्हणाला, मेरेरिद, तुझ्या धुराड्याशेजारची
तिसऱ्या ओळीतली पाटी सरकलीये.

(आमची छपरं पाटीच्या दगडाची.
डोंगर पोखरून काढलेला काळा दगड,
अख्ख्या गावाच्या डोक्यावर पाट्या,
आणि लिहिणारा एकटा पाऊस,
तोही रोज तेच.)

तुझ्याकडे बघत नव्हतो, म्हणाला.
माझं काम बघत होतो.
एकोणीस वर्षांचा होतो, तुझं छप्पर घातलं तेव्हा.
आता शिडीची दुसरी पायरी चढवत नाही.

मी म्हटलं, विचारून बघायचं.
तो म्हणाला, तू नाही म्हणाली असतीस.
म्हटलं, म्हणूनच विचारायचं.

मग त्यानं पडदा माझ्यापुढे धरला.
ओली छपरं, माशाच्या पाठीसारखी.
धुराडी. मांजर. माझं अंगण, रुमालाएवढं,
आणि त्यात एक बाई, उगारलेल्या हातात बटाटा.
डोक्याच्या मधोमध नाण्याएवढं विरळ.

चौसष्ट वर्षं हे डोकं वागवतेय,
त्याचं छप्पर कधी पाहिलं नव्हतं.

पूस, म्हटलं.
त्यानं बोट टेकवलं. पाटी कोरी.
पण त्यानं पाहिलं होतं ते होतंच,
आणि आता मीही.

जाताना, चहा न पिता,
दाराच्या चौकटीला धरून म्हणाला,
दिवसातली शेवटची पाटी बसवताना
मी खालच्या बाजूला खिळ्यानं नाव कोरायचो.
मालकाला दिसलं असतं तर रोज कापला असता.
तुझ्या घरावर नऊ दिवस लागले होते.

म्हणजे नऊ वेळा हा माणूस
माझ्या झोपेच्या वर, तोंड खाली करून,
कधीचा आहे, मला न विचारता.
राग यायला हवा होता. थोडा आलाही.

शनिवारी टॉर्च घेऊन माळ्यावर गेले.
कोळ्यांची जाळी, पाण्याची जुनी टाकी,
बुरसटलेले तिरके वासे.
एक नाव सापडलं. वाचता आलं ते फक्त पू,
किंवा तो ओरखडाच असेल.
बाकीची आठ शोधली नाहीत, मान दुखायला लागली.

धुराड्याजवळ मात्र फट होती,
दोन बोटं आभाळ.
त्यातून थंडी येत होती, आणि दुरून
तीच गांधीलमाशी.

जवळ आली. थांबली.
डोळा फटीशी.

मी हात हलवला नाही.
तळवा उचलला आणि फटीवर ठेवला.
ती गेली नाही लगेच.
बराच वेळ तिची थरथर
दगडातून
हाताला लागत राहिली.